मंदी आली की परका माणूस: जर्मनीला निघालेल्या कोल्हापूरकराला उत्तर

भावा,

तुझा प्रश्न लांबलचक होता, गाभा एवढाच: तू शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत क्वालिटीला आहेस, स्टुटगार्टच्या आसपासच्या एका कास्टिंगवाल्या कंपनीची ऑफर हातात आहे, वहिनी नर्स आहेत, पोरगी चार वर्षांची. मामा म्हणतात, "तिकडं मंदी आहे, आता आपल्या माणसाला कुणी उभं करून घेत नाही." मित्र म्हणतो, "पगार बघ आणि जा, बाकी सगळं टीव्हीवरचं." आणि तू मला विचारलंस की मंदी आली की तिकडचा माणूस खरंच फिरतो का.

मामांचं निम्मं खरं आहे. मात्र ते निम्मं कोणतं, हे कळल्याशिवाय सही करू नकोस. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातून निघून स्टुटगार्टच्या याच पट्ट्यात, याच धंद्यात रुळलो. ऑर्डरी वाहत होत्या ते दिवसही बघितले आणि आठवड्यातून तीनच दिवस भट्टी पेटायची तेही बघितले. त्यामुळं पुढचं थोडं वाचलेलं आहे, जास्त बघितलेलं.

आपल्याला वाटतं की ज्याची नोकरी आपल्यामुळं धोक्यात येते तोच आपल्यावर चिडणार. म्हणजे इंजिनिअरला बाहेरचा इंजिनिअर नको, गवंड्याला बाहेरचा गवंडी नको. हाइनम्युलर आणि हिस्कॉक्स या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या लोकांवर हेच तपासून २०१० साली छापलं, आणि निघालं भलतंच. कमी शिकलेला असो की जास्त शिकलेला, दोघांनाही कसबी परदेशी माणूस चालत होता आणि बिनकसबी तितकासा चालत नव्हता. पुढच्या बऱ्याच अभ्यासांचाही कल तसाच राहिला. माणूस स्वतःच्या खिशापेक्षा 'आमच्या गावाचं, आमच्या देशाचं काय होणार' हा हिशेब जास्त मांडतो. ज्याचा स्वतःचा पगार शाबूत आहे, तोही गावातली मोठी कंपनी बंद पडली की परक्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागतो.

आमच्या मोल्डिंग लाइनवर एक जुना कामगार आहे, निवृत्तीला टेकलेला. मी नवीन असताना तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा. एकदा वाळू बिघडली होती, लॅबचा रिपोर्ट यायला वेळ होता. मी सवयीनं ग्रीन सँड, म्हणजे साच्याची ओलसर वाळू, मुठीत घेतली, दाबली, मधोमध मोडून कडा बघितली. तो लांबून बघत होता. जवळ येऊन त्यानंही मूठ दाबली आणि मान हलवली. तिथून आमचं जमलं. पुढं शॉर्ट-टाइमची, म्हणजे ज्यांचं काम आणि पगार कमी होणार त्यांची, यादी बोर्डावर लागली, त्यात त्याचंही नाव आणि माझंही. कॉफीच्या मशीनपाशी तो मला म्हणाला, "तुझं काही नाही रे, तू आमचाच. पण हे एवढे सगळे कशाला आणतात?"

हे वाक्य तुला इथं वेगवेगळ्या तोंडून ऐकू येईल. ओळखीच्या माणसावरचा विश्वास आणि 'त्या लोकां'वरचा विश्वास ही दोन वेगळी खाती आहेत. पहिलं मंदीत सहसा हलत नाही. दुसरं मात्र आधी आटतं. आणि तू इथं उतरशील तेव्हा तुझं पहिलं खातं रिकामंच असणार. मामांचं खरं असलेलं निम्मं ते हे.

यात जर्मन माणूस काही वेगळ्या मातीचा नाही. तुमच्या फाउंड्रीत फेटलिंगला, शेकआउटला कोण आहे बघ. बिहार, यूपी, ओडिशा. इचलकरंजीचे लूम कुणाच्या जिवावर चालतात ते तुला मी सांगायला नको. ऊस तोडायला बीडकडून टोळ्या येतात, तेव्हाच आपला साखर कारखाना पेटतो. तरी खोली भाड्यानं द्यायची म्हटली की पहिला प्रश्न 'कुठले तुम्ही?' गावात चोरी झाली की आधी नजर कुणाच्या खोलीकडं जाते? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हीच पोरं गाड्या भरून गावाकडं गेली, आणि काम सुरू झाल्यावर मालक लोक त्यांना परत या म्हणून फोनवर फोन करत होते. आपण तेव्हा गाववाल्यांच्या बाजूला होतो, आता तू परक्याच्या बाजूला येणार. एवढं डोक्यात ठेवलंस तर इथल्या अर्ध्या गोष्टी मनाला लागणार नाहीत.

आता इथला इतिहास थोडा, कारण या देशानं हा खेळ एकदा नाही, अनेकदा खेळलाय. युद्धानंतर कारखाने धावायला लागले आणि माणसं कमी पडली. मग १९५५ मध्ये इटलीशी करार, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी. १९६४ मध्ये दहा लाखावा पाहुणा कामगार कोलोनच्या स्टेशनवर उतरला, आर्मांडो रोद्रिगेस द सा नावाचा पोर्तुगीज सुतार. त्याला फुलं आणि एक मोपेड बक्षीस दिली, बँड वाजवला. नऊ वर्षांनी, नोव्हेंबर १९७३ मध्ये, तेलाचे भाव भडकल्यावर सरकारनं भरतीच बंद केली. १९८३ मध्ये तर परत जाणाऱ्याला १०,५०० मार्क देऊ असा कायदा झाला. माणसं तीच, कामही तेच होतं. बदललं होतं ते ऑर्डर बुक.

सगळ्यात वाईट काळ पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या एकीकरणानंतरचा. पूर्वेकडचे सरकारी कारखाने विकले गेले, बंद पडले, लाखो लोक घरी बसले. १९९२ च्या ऑगस्टमध्ये रोस्टॉकच्या लिख्टेनहागन भागात जमावानं एका इमारतीला आग लावली. आत व्हिएतनामी कामगार राहत होते, जुन्या पूर्व जर्मनीनंच कंत्राटावर आणलेले. बाहेर लोक टाळ्या वाजवत होते. आत कुणी मेलं नाही हे नशीब. पुढच्या वर्षभरात म्योल्न आणि झोलिंगन इथं तुर्की कुटुंबांची घरं जाळली, त्यात बायका-पोरं गेली. ही दोन्ही गावं पश्चिमेतली होती, म्हणजे 'पूर्वेची बेकारी' एवढ्यावर हे भागत नाही.

आपल्या वाट्यालाही एक घोषणा आलीय. २००० साली चॅन्सेलर श्र्योडरनी परदेशी संगणक तज्ज्ञांसाठी ग्रीन कार्ड काढलं, २०,००० पर्यंत. तेव्हा नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्याच्या निवडणुकीत रुटगर्स नावाच्या नेत्याच्या प्रचारातून 'इंडियन नकोत, आपली पोरं शिकवा' अशा अर्थाची घोषणा गाजली. ती निवडणूक तो हरला. आणि बघ, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच देशानं भारतीय कुशल कामगारांचे व्हिसे वर्षाला २०,००० वरून ९०,००० करायचं जाहीर केलं. आपल्या राज्य सरकारनंही त्याच वर्षी याच बाडेन-व्युर्टेम्बर्गशी, म्हणजे स्टुटगार्टच्या राज्याशी, माणसं पाठवायचा करार केला.

गंमत म्हणजे २०२३ आणि २०२४, लागोपाठ दोन वर्षं, ही अर्थव्यवस्था आकसलेली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये बेकारांचा आकडा दहा वर्षांत पहिल्यांदा ३० लाखांवर गेला. फोक्सवागननं २०३० पर्यंत ३५,००० जागा कमी करायचं ठरवलंय. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत परदेशी लोकांविरुद्ध बोलणारा एएफडी पक्ष २०.८ टक्के मतं घेऊन दुसरा आला. म्हणजे दार उघडं आहे, आणि दारात उभे असलेले काही लोक तोंड वाकडं करून उभे आहेत. दोन्ही एकाच वेळी खरं.

सगळ्याच मंद्या सारख्या नसतात, हेही सांगतो. फुंके, शुलारिक आणि ट्रेबेश यांनी १८७० ते २०१४ पर्यंतच्या वीस प्रगत देशांच्या निवडणुका तपासल्या. बँका बुडण्यासारखं आर्थिक संकट आलं की कडव्या उजव्या पक्षांची मतं सरासरी सुमारे ३० टक्क्यांनी वाढली. साध्या मंदीनं तसं झालेलं दिसलं नाही. माझा तर्क असा की साध्या मंदीत लोक म्हणतात 'दिवस वाईट आलेत'. बँका बुडाल्यावर म्हणतात 'आम्हाला कुणीतरी फसवलं'. फसवलं गेल्याची भावना आली की बोट दाखवायला कुणीतरी लागतं, आणि परका जवळच असतो.

मग स्पेनचं काय, असं तू विचारशील. विचारायलाच पाहिजे. २०१३ मध्ये तिथं बेकारी २६ टक्क्यांवर गेली होती, मोरोक्को आणि दक्षिण अमेरिकेतून आलेले लाखो लोक देशात होते, तरी परदेशी लोकांविरुद्ध मोठा पक्ष उभा राहिला नाही. वॉक्स या कडव्या उजव्या पक्षाला पहिलं मोठं यश मिळालं २०१८ च्या शेवटी, आंदालुसियात, बेकारी खाली येत असताना. त्यामुळं 'मंदी म्हणजे द्वेष' असं सरळ गणित कुणी मांडलं तर ऐकून सोडून दे. मधे पुढारी लागतो, वर्तमानपत्रं लागतात, कुणीतरी ते बोलून दाखवावं लागतं. आपल्याला हे कोल्हापुरात कळायला हवं. गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात चहा प्यायला कुणी फिरकत नव्हतं. शाहू महाराज भाऊसिंगजी रोडवर गाडी थांबवून तिथला चहा घ्यायचे आणि बरोबरच्या लोकांनाही घ्यायला लावायचे. लोकांच्या खिशात फरक पडला नव्हता. वरच्या माणसानं काय केलं, यानं फरक पडला.

आता तुझ्या रोजच्या जगण्याला जे सगळ्यात जास्त भिडणार आहे त्याकडं येतो: घर.

इथं विश्वासाची परीक्षा कंपनीच्या गेटवर कमी आणि भाड्याच्या घराच्या जिन्यात जास्त होते. एका फ्लॅटसाठी जाहिरात येते, शनिवारी बघायला बोलावतात, आणि तू पोचतोस तेव्हा जिन्यापासून फुटपाथपर्यंत रांग. प्रत्येकाच्या हातात फाईल: तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, आधीच्या मालकाचं 'भाडं थकलेलं नाही' असं पत्र, शूफाचा उतारा, म्हणजे तुझ्या उधारीचा इतिहास. नवीन माणसाकडं तो इतिहासच नसतो. त्या रांगेत दोन पोरांची जर्मन आई असते, युक्रेनमधून आलेलं कुटुंब असतं, आणि तू असतोस, पगार बहुधा त्या दोघांपेक्षा जास्त. फ्लॅट तुला मिळाला तर ती आई घरी जाऊन काय बोलेल? ती वाईट बाई नाही. इथल्या भारतीय नोकरदारांचा सर्वसाधारण पगार जर्मन माणसापेक्षाही वर आहे. 'आपण कमावतो, कर भरतो, आपल्याला कोण बोलणार' असं आपले लोक छाती फुगवून सांगतात, पण घराच्या रांगेत तोच पगार डोळ्यांवर येतो.

हे फक्त जर्मनीचं नाही. कॅनडाचं उदाहरण घे, कारण तुझा मित्र तिकडचंही नाव काढतोय. परक्यांना सामावून घेणारा देश म्हणून त्याचं नाव होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण २०२३ मध्ये एका वर्षात तिथली लोकसंख्या ३.२ टक्क्यांनी वाढली, घरं तेवढी बांधली गेली नाहीत, भाडी वर गेली. २०२४ मध्ये एन्व्हायरॉनिक्सच्या पाहणीत ५८ टक्के लोकांनी 'बाहेरून येणारे फार झाले' असं सांगितलं. दोनच वर्षांपूर्वी असं म्हणणारे २७ टक्के होते. सरकारनं विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली, कायम राहणाऱ्यांचं २०२५ चं लक्ष्य ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणलं. दोन वर्षांत माणसांचा स्वभाव बदलत नाही. घरभाडं बदलतं.

आयर्लंडचं तर आणखी बोलकं. तिथं कामाला तोटा नाही, पण डब्लिनमध्ये घर मिळत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात आपल्या लोकांवर तिथं हल्ले झाले, भारतीय दूतावासाला सावध राहायच्या सूचना काढाव्या लागल्या. म्हणून देशाचा विकासदर बघून देश ठरवू नकोस. घर, डॉक्टरची वेळ, बालवाडीची जागा, या तीन रांगा किती लांब आहेत ते बघ. सगळ्यांनी मिळून वापरायच्या गोष्टी कमी पडल्या की शेवटी आलेल्याकडं सगळे बघतात.

आणि गाव कुठलं, यानंही फरक पडतो, पण आपण समजतो तसा नाही. जिथं परदेशी जास्त तिथं राग जास्त, असं नाही. ब्रेक्झिटच्या मतदानात लंडन युरोपात राहायच्या बाजूनं होतं. लिंकनशरमधल्या बॉस्टन या शेतीच्या गावात ७५ टक्क्यांहून जास्त मतं बाहेर पडायच्या बाजूनं गेली. तिथं थोड्या वर्षांत पूर्व युरोपातले शेतमजूर झपाट्यानं वाढले होते. इथं पूर्वेकडच्या थ्युरिंगिया राज्यात परदेशी कमी, आणि २०२४ मध्ये एएफडी ३२.८ टक्के मतांनी पहिला. बदल किती झपाट्यानं होतो, आणि पोरं गाव सोडून जातायत की गावात राहतायत, हे बघ. स्टुटगार्टच्या पट्ट्यात इटालियन आणि तुर्की कुटुंबांची तिसरी-चौथी पिढी आहे. फोरमनचं आडनाव तुर्की असणं इथं बातमी नाही. हा तुझ्या फायद्याचा मुद्दा.

आता तुझ्या ऑफरबद्दल.

कंपनी नक्की काय ओतते ते विचार. इंजिन ब्लॉक, सिलिंडर हेड, टर्बोची हाउसिंग असेल तर सावध. इलेक्ट्रिक गाड्यांना ते लागत नाही, आणि २०२२ मध्ये रशियाचा गॅस बंद झाल्यापासून इथल्या फाउंड्रीचं विजेचं नि गॅसचं बिल कंबरडं मोडणारं आहे. पंप, व्हॉल्व्ह, हायड्रॉलिक, पवनचक्कीचे हब असं काही असेल तर बरं. मंदीत इथं कुणाला काढायचं याचा कायदा आहे: नोकरीची वर्षं, वय, पोसायची माणसं, अपंगत्व, या चार गोष्टी बघायच्या. देश, रंग, धर्म त्यात नाही. पण नोकरीची वर्षं या यादीत आहेत म्हटल्यावर नवा माणूस आपोआप कडेला येतो. पोरगी तुझ्या बाजूनं मोजली जाते. पहिले सहा महिने तर हे संरक्षणही नाही. आपल्यातले काहीजण काढल्यावर 'वंशभेद झाला' म्हणतात. कधी असतोही. बऱ्याचदा ते फक्त सीनियॉरिटीचं गणित असतं.

शॉर्ट-टाइमला घाबरू नकोस. काम कमी झालं की कमी झालेल्या निव्वळ पगाराचे ६० टक्के, पोर असेल तर ६७ टक्के, सरकारी विम्यातून मिळतात आणि नोकरी टिकते. २००९ मध्ये अर्थव्यवस्था पाच टक्क्यांहून जास्त घसरली, तरी बेकारी फारशी वाढली नाही, ती यामुळं. त्या वेळी परक्यांवर राग निघाला नाही याचं एक कारण मला हेच वाटतं: शेजारचा माणूस घरी बसलाच नाही. उलट ब्रिटननं २०१० नंतर सरकारी मदतीला कात्री लावली, आणि जिथं कात्री जास्त लागली तिथं युरोपातून बाहेर पडा म्हणणाऱ्या यूकिप पक्षाची मतं जास्त वाढली असं फेट्झर या अर्थतज्ज्ञानं दाखवलंय.

युनियनमध्ये पहिल्याच महिन्यात नाव घाल. आपले इंजिनिअर लोक याला कमीपणा समजतात, मला ते कधी पटलं नाही. आयजी मेटालची, म्हणजे इथल्या धातू कामगारांच्या युनियनची, वर्गणी भरणारा माणूस इथं 'स्वस्तात आलेला' राहत नाही. जर्मन कामगाराची खरी भीती तीच असते, की हा कमी पगारात राबेल आणि आमचा दर पाडेल. तुझा करार टॅरिफप्रमाणं, म्हणजे युनियननं ठरवून घेतलेल्या पगाराच्या दरानं, असेल तर ती भीती तिथंच संपते. नसेल, तर पगाराचा आकडा कितीही गोड दिसो, मला आधी दाखव.

भाषेबद्दल सगळे सांगतात, मी एवढंच सांगतो की बी-वन, म्हणजे जर्मन भाषेची मधली पायरी, करूनच ये. ब्ल्यू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी कामगाराच्या परवान्यावर, २१ महिन्यांत कायम राहायचा परवाना मिळतो तो बी-वनवर. भाषा कच्ची असेल तर २७ महिने. नागरिकत्व पाच वर्षांनी. तीन वर्षांची सवलत २०२५ मध्ये काढून टाकली, त्यामुळं जुने व्हिडिओ बघून हिशेब करू नकोस. परवाना कायम होईपर्यंत नोकरी गेली तर नवी शोधायला मुदत मोजून मिळते, म्हणून ते २१ महिने जपून.

आणि एक गोष्ट जी तू प्रश्नात एका ओळीत उरकलीस. वहिनी नर्स आहेत. भावा, तुमच्या घरातलं मजबूत पान तू नाहीस, त्या आहेत. कास्टिंगची ऑर्डर चीनला जाईल, म्हातारी माणसं जाणार नाहीत. मंदीतही इथली हॉस्पिटलं नर्ससाठी हात जोडून उभी असतात, आणि एएफडीला मत देणारा आजोबाही सुई टोचणाऱ्या बाईचं नाव पाठ करतो, हे माझ्या बायकोच्या वॉर्डात रोजचं आहे. त्यांना बी-टू, म्हणजे भाषेची त्यावरची पायरी, करावं लागेल, पदवी मान्य करून घ्यावी लागेल, त्यात काही महिन्यांचं प्रशिक्षण किंवा परीक्षा असते. ते कागद कोल्हापुरात असतानाच सुरू करा. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, सिलॅबसची तासवारी प्रत, सगळं भाषांतर करून. तुझी ऑफर सहा महिने पुढं ढकलून दोघांचं एकदम जुळवता आलं, तर मी तसंच करीन.

पोरीची बालवाडी: कायद्यानं हक्क आहे, जागा नाही. पत्ता मिळाला की त्याच दिवशी नाव घाल. तिथल्या पोरांच्या आया आणि गावातला फुटबॉलचा नाहीतर गाण्याचा क्लब, इथून तुझं पहिलं खातं भरायला लागतं. फक्त मराठी मंडळाच्या गणपतीत रमलास तर छान वाटेल, पण यादी बोर्डावर लागते तेव्हा तिथलं कुणी उपयोगाला येत नाही.

मामांना सांग, कुणी हाकलत नाही. ट्रॅममध्ये कधी एखादा दारुडा बडबडेल, कधी घरमालक नाव ऐकून फोन ठेवेल. पूर्वेकडच्या लहान गावात रात्री एकटं फिरताना मी आजही जरा बघून चालतो, ते लपवत नाही. पण पोलीस, कोर्ट, पगार, शाळा हे सगळं लोकांच्या मूडवर चालत नाही, निदान आजवर तरी.

ऑफर लेटरचं टॅरिफ आणि प्रोबेशनचं पान फोटो काढून पाठव, आणि कंपनी काय ओतते ते विचारून ठेव. रविवारी फोन कर, तुमच्या दुपारी, मी घरी असतो.